एका गोलाचे आरोपी

हाँगकाँगचं काय ताक स्टेडियम सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. १० जून २०२५ च्या रात्री तिथे बेचाळीस हजारांवर प्रेक्षक जमले होते. सामना आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा. जागतिक क्रमवारीत १५३ वा असलेला यजमान संघ आणि १२७ वा भारत ०-० वर अडकले होते. नव्वद मिनिटं संपली. भरपाईच्या वेळेत भारताच्या गोलसमोर चेंडू उंच आला, तो मुठीने उडवायला गोलकीपर विशाल कैथ पुढे झेपावला आणि मायकेल उदेबुलुझोरवर जाऊन आदळला. पेनल्टी. स्टीफन परेराने ती जाळ्यात घातली. वेळ नव्वद अधिक चार, निकाल १-०.

वाद रात्रीच पेटला. एका गटाचं म्हणणं सरळ होतं: गोलकीपरला एवढी घाई कशाची? दुसरा गट म्हणे, पूर्वार्धात आशिक कुरुनियनने गोलसमोरून चेंडू बाहेर घालवला, त्याचं काय? तो आत गेला असता तर कैथची चूक बरोबरीवर निभावली असती. तिसऱ्याचा राग प्रशिक्षक मानोलो मार्केझवर. एफसी गोवाचं आणि देशाचं अशी दोन कामं एकाच माणसाकडे दिलीच कशी? चौथ्याचा रोख सुनील छेत्रीवर, खरं तर चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावण्याची वेळ आणणाऱ्यांवर. पाचवा महासंघावर घसरला, सहावा क्रिकेटवर.

यातलं कुणीच पूर्ण चूक नव्हतं. तरीही वाद पुढे सरकेना, कारण कुणी एका मिनिटाचा हिशेब मांडत होता, कुणी एका मोसमाचा, तर कुणी अख्ख्या पिढीचा. तिन्ही खाती वेगळी आणि वसुली मात्र एकाच माणसाकडून. भारतीय फुटबॉलच्या गेल्या काही वर्षांतल्या निसटत्या पराभवांकडे पाहिलं तर हा घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. पाच गोलांनी हरलो की आपण व्यवस्थेला दोष देतो. एका गोलाने हरलो की माणूस शोधतो. आणि भारत हल्ली बऱ्याचदा एकाच गोलाने हरतो.

मिनिटाचा दोष

हाँगकाँगची पेनल्टी ही काही एकटीदुकटी घटना नाही. मागे जाऊ.

१४ जानेवारी २०१९, शारजा. आशियाई चषकातला गटातला शेवटचा सामना, समोर बहारीन. थायलंडला ४-१ असं हरवून भारताने स्पर्धेची सुरुवात दणक्यात केली होती आणि बाद फेरीत जायला बरोबरी पुरेशी होती. बचाव फळीतला अनस एदाथोडिका सुरुवातीलाच दुखापतीने बाहेर गेला. तरी संघाने नव्वद मिनिटं किल्ला लढवला. मग भरपाईच्या पहिल्याच मिनिटाला प्रणय हलदरने बॉक्समध्ये प्रतिस्पर्ध्याला पाडलं. जमाल राशिदने पेनल्टी मारली आणि भारत गटात तळाला जाऊन बाहेर पडला. त्या दिवशी कर्णधाराची पट्टी हलदरच्याच दंडावर होती.

२६ मार्च २०२४, गुवाहाटी. विश्वचषक पात्रता, समोर अफगाणिस्तान. महासंघाशी भांडण असल्यामुळे त्यांचे बरेच नेहमीचे खेळाडू संघातच नव्हते. छेत्रीचा हा दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना. ३८ व्या मिनिटाला त्याने पेनल्टीवर गोल केला आणि भारत पुढे गेला. सत्तरी उलटल्यावर रहमत अकबरीने बरोबरी साधली. ८८ व्या मिनिटाला गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूच्या फाउलमुळे पेनल्टी मिळाली, शरीफ मुखम्मदने गोल केला. १-२.

त्या अफगाण संघाचा प्रशिक्षक होता अॅशली वेस्टवूड. पुढच्या वर्षी काय ताकवर हाँगकाँगच्या डगआउटमध्येही तोच होता. भारतीय फुटबॉलला तो नवखा नाही. बंगळुरू एफसीला त्याने २०१३-१४ आणि २०१५-१६ मध्ये आय-लीग जिंकून दिली होती, छेत्री तेव्हा त्याच्याच हाताखाली खेळत होता. भारतीय संघ शेवटच्या वीस मिनिटांत कसा दिसतो हे ठाऊक असलेला माणूस शोधायचा झाला, तर त्याच्याहून सोयीचा सापडणार नाही.

या यादीत सप्टेंबर २०१९ मधली ओमानविरुद्धची लढतही घालावी लागेल. तीही गुवाहाटीत. छेत्रीच्या गोलने मिळालेली आघाडी भारताने ८२ व्या मिनिटापर्यंत टिकवली आणि त्यानंतर दोन गोल खाल्ले. त्याआधी २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. स्टेडियम अजून नाचत होतं तोवर, पुढच्याच मिनिटाला, पेन्यालोझाने कोलंबियाचा दुसरा गोल केला.

माणसं वेगळी, प्रशिक्षक वेगळे, वयोगटसुद्धा वेगळा. चूक होण्याची वेळ मात्र तीच. मग एकट्या कैथला किंवा हलदरला उभं करून काय साधणार? उशिरा होणाऱ्या चुका आकाशातून पडत नाहीत. मैदानावर त्यांची तयारी आधीच्या तासाभरात झालेली असते. चेंडू पायात ठेवता येत नाही म्हणून तो लांब मारला जातो. पुढे तो धरून ठेवणारा कुणी नसतो म्हणून तो लगेच परत येतो. परत आला की बचाव फळी दोन पावलं मागे सरकते. असं चाळीस वेळा झालं की पाय जड होतात, अंतरं चुकतात, आणि मग ज्या चेंडूवर विसाव्या मिनिटाला सहज निर्णय घेतला असता, त्याच चेंडूवर नव्वदाव्या मिनिटाला अर्धा सेकंद उशीर होतो. गोलकीपर पुढे येतो तो बहुधा आपल्या समोरच्या फळीवरचा भरवसा उडाल्यामुळे.

याचा अर्थ चूक माफ असा नाही. कैथ हा देशातल्या अनुभवी गोलकीपरांपैकी एक आहे. पुण्यातल्या प्रेक्षकांनी त्याला एफसी पुणे सिटीच्या जर्सीत तीन मोसम पाहिलं आहे. त्या उंचीच्या चेंडूवर पुढे यायचं की रेषेवर थांबायचं, हा त्याच्या धंद्यातला रोजचा निर्णय, आणि त्या रात्री तो चुकला. पण त्या चुकीचं वजन एका सामन्याएवढं आहे. आपण तिच्यावर दहा वर्षांचं ओझं लादतो, तिथे हिशेब बिघडतो.

मोसमाचा दोष

मिनिटाचा आरोपी आठवडाभरात विसरला जातो. त्यानंतर पाळी येते ती प्रशिक्षकाची. बहारीनच्या सामन्यानंतर स्टीफन कॉन्स्टंटाइनने त्याच रात्री राजीनामा जाहीर केला. त्याच्या जागी क्रोएशियाचा इगोर स्टिमाच आला, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातला बचावपटू. २०२३ मध्ये त्याने सॅफ चषक जिंकला, भारत क्रमवारीत ९९ वर पोचला आणि कौतुकाला उधाण आलं. सहा महिन्यांनी आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याकडून भारत तीनही सामने हरला, एकही गोल न करता. जून २०२४ मध्ये त्याची हकालपट्टी झाली.

त्या हकालपट्टीच्या आदल्या आठवड्यातला सामना दोष देण्याच्या आपल्या सवयीचा उत्तम नमुना आहे. ११ जून २०२४, दोहा. कतारविरुद्ध ललियानझुआला छांगतेने ३७ व्या मिनिटाला गोल केला. सामना संपेपर्यंत ही आघाडी टिकली असती तर भारत विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच गेला असता. ७३ व्या मिनिटाला गुरप्रीतने अडवलेला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला, युसूफ अयमनने जाळ्यात मारला आणि दक्षिण कोरियाच्या रेफ्रीने गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ रेफ्रीची सोय नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला आणि बाहेर पडला.

अन्याय झाला का? झाला. चेंडू बाहेर गेलेला टीव्हीवर साऱ्या जगाने पाहिला. आजही दोहाचा विषय निघाला की चर्चा रेफ्रीपाशी सुरू होते आणि रेफ्रीपाशीच संपते. पण गटाचा तक्ता उघडून पाहिला तर वेगळंच दिसतं. भारताचे एकूण गुण पाच. पुढे गेलेल्या कुवेतचे सात. अडीच महिन्यांपूर्वी गुवाहाटीत सत्तराव्या मिनिटापर्यंत असलेली १-० ची आघाडी टिकली असती, तर भारताचे आठ गुण झाले असते आणि दोहाला रेफ्रीने काहीही केलं असतं तरी बिघडलं नसतं. रेफ्रीने भारताची आघाडी चोरली हे खरं, पण तिजोरी आधीच रिकामी होती. ती रिकामी करणाऱ्या सामन्याची आठवण काढायची झाली तर स्वतःच्या संघाकडे बोट दाखवावं लागतं, म्हणून ती कुणी काढत नाही.

स्टिमाचनंतर मार्केझ आले. स्पॅनिश, भारतीय खेळाडूंना चांगले ओळखणारे, एफसी गोवाचे प्रशिक्षक. महासंघाने त्यांना पहिल्या मोसमात दोन्ही कामं सांभाळायची मुभा दिली. मे २०२५ मध्ये त्यांनी गोव्याला सुपर कप जिंकून दिला, अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० असं हरवून. राष्ट्रीय संघाबरोबर मात्र आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. हाँगकाँगनंतर महिन्याच्या आत दोन्ही बाजूंनी हात झटकले.

मग नेमणूक झाली त्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात हरलेल्या प्रशिक्षकाची. खालिद जमील. मुंबईच्या फुटबॉलशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफसीला तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये तगवून ठेवणारा, आणि तिथून काढून टाकल्यावर पुढच्याच मोसमात, २०१६-१७ मध्ये, मिझोरमच्या ऐझॉलला विजेतेपद मिळवून देणारा हा माणूस. गोव्याच्या साव्हियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी पुरुष संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला. सुरुवातही चांगली झाली. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये त्याच्या संघाने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं आणि तिसऱ्या स्थानासाठी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं. लोक म्हणाले, बघा, प्रशिक्षक बदलला की फरक पडतो.

ऑक्टोबरपर्यंत तेच लोक त्याचा राजीनामा मागत होते.

पिढीचा दोष

गोल का होत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: गोल करण्याचं काम भारतात भारतीयांना देतच नाहीत. २०१४ ते २०२५ या काळात इंडियन सुपर लीगचे अकरा मोसम झाले. त्यात सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळाला नाही. २०२४-२५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दिन अजाराईने २३ गोल केले. भारतीयांत सर्वांत पुढे कोण? १४ गोल करणारा छेत्री, वय चाळीस.

क्लबांचं गणित समजण्यासारखं आहे. मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू उतरवता येतात. चार जागा आहेत तर त्यातली एक सेंटर फॉरवर्डसाठी, एक मध्यफळीतल्या सूत्रधारासाठी, एक मधल्या बचावपटूसाठी हे जवळजवळ ठरलेलंच. संघाचा कणा परदेशी आणि कडेच्या जागा देशी, अशी रचना होते. भारतीय पोराला वेग असेल तर तो विंगवर जातो. छांगते, लिस्टन कोलासो, आशिक हे सगळे कडेचे खेळाडू. गोलकडे पाठ करून, अंगावर बचावपटू घेऊन चेंडू धरायचा आणि साथीदारांना वर यायला उसंत द्यायची, हे काम त्यांच्यापैकी कुणी क्लबसाठी दर आठवड्याला करत नाही. मग राष्ट्रीय संघात एकदम कसं येणार? चेंडू लांब जातो आणि लगेच परत येतो, हे मघाशी जे सांगितलं त्याचं मूळ इथे आहे. नव्वदाव्या मिनिटाच्या पेनल्टीचा एक धागा लीगच्या संघनिवडीपर्यंत जातो.

परदेशी खेळाडू आणणं हा गुन्हा नव्हे. जपानच्या जे-लीगने १९९३ मध्ये झिको आणि लिनेकर यांना आणूनच सुरुवात केली होती. पण तिथे क्लबला मुलांचे संघ पोसणं बंधनकारक होतं, आणि पाच वर्षांत जपान विश्वचषकात होता. आपल्याकडे मुलांसाठी जे होतं तेही टिकलं नाही. महासंघाचा ‘इंडियन अॅरोज’ हा तरुणांचा संघ २०१० मध्ये निघाला, २०१३ मध्ये बंद पडला, २०१७ च्या विश्वचषकातल्या मुलांसाठी पुन्हा निघाला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद पडला. त्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो तिथवर पोचला, मग अॅरोज, मग आयएसएल. वाट होती, पण ती एकाच तुकडीपुरती बांधली गेली. तिच्यामागून येणाऱ्या तुकड्यांसाठी ती कुणी राखली नाही.

सहाव्या माणसाचा क्रिकेटवरचा आरोप इथेच निकालात काढू. क्रिकेटने फुटबॉल खाल्ला म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला, शाहू स्टेडियमवर जाऊन बसावं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावं तिथे पेठापेठांची अब्रू म्हणून घेतली जातात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसावेत, हा प्रकार बाकी महाराष्ट्राला नवलाचा वाटला तरी त्या शहराला नाही. एका गोलाने हरलेल्या पेठेत त्या रात्री जी चिरफाड होते ती तर पाहण्यासारखी असते: अमक्याने पास का दिला नाही, तमक्याला बसवला का, बाहेरून आणलेला आफ्रिकी स्ट्रायकर पैसे घेऊन पळतो का नुसता. हो, तिथेही गोल करायला बाहेरचा माणूस आणायची पद्धत पडलीच. या ईर्षेपायी हुल्लडबाजी होते, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागतात, हेही खरं. पण प्रेक्षक नाही, आवड नाही, ही सबब कोल्हापूरने केव्हाच खोडून काढली आहे. गोव्याने तर तिला कधी जवळच केलं नव्हतं.

कमी पडलं ते दुसरंच. मुंबई-पुणे-गोवा या पट्ट्यात २०१० पासून किती क्लब मिटले किंवा मागे हटले ते मोजा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, चांगला खेळत असताना. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ च्या आसपास संपले. गोव्याच्या धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब या तीन मातब्बर संघांनी २०१६ मध्ये आय-लीगला रामराम ठोकला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि विरून गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. यातल्या प्रत्येक क्लबबरोबर पंचवीस-तीस व्यावसायिक खेळाडूंच्या जागा गेल्या, त्यांच्या खालचे मुलांचे संघ गेले, सरावाची मैदानं गेली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या मैदानांवर घडलेला स्ट्रायकर. त्या ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. तसा स्ट्रायकर आज मुंबईत जन्मला, तर वयाच्या अठराव्या वर्षी त्याने खेळायचं कोणासाठी, हा प्रश्न त्याच्या बापाला पडेल.

आणि वरती काय चाललं होतं? ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला काही दिवस निलंबित केलं. आयएसएलचे हक्क ज्या करारावर चालत होते तो २०१० सालचा, पंधरा वर्षांचा, वर्षाला ५० कोटींचा. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे सगळ्यांना पंधरा वर्षं ठाऊक होतं. तरी जुलै २०२५ मध्ये नवा मोसम थांबवावा लागला, कारण पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. काही क्लबांनी पगार रोखले. हाँगकाँगच्या पराभवानंतर दोनेक महिन्यांतली ही गोष्ट. गोलकीपरच्या एका उडीबद्दल आपण जेवढं बोललो, त्याच्या दहा टक्केही या पंधरा वर्षांच्या डुलकीबद्दल बोललो नाही.

प्रेक्षकाचा वाटा

आता आरोप करणाऱ्याकडेही वळायला हवं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून एक आवाहन केलं. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा, असा त्याचा आशय. पुढच्या केनियाच्या सामन्याची तिकिटं संपली. भर पावसात लोक बसले. छेत्रीचा तो शंभरावा सामना. त्या दिवशी त्याने दोन गोल केले.

त्या आवाहनातली खरी मागणी शिवीची नव्हती, हजेरीची होती. जो नियमित येतो त्याला संघ शेवटच्या वीस मिनिटांत कसा मागे सरकतो ते दिसतं. जो फक्त निकाल वाचतो किंवा तुकडे पाहतो त्याला पेनल्टी दिसते. दोघेही दोष देतील, पण पहिल्याच्या दोषाला अर्थ असेल.

उलट उदाहरण हाँगकाँगच्या पराभवाच्याच वर्षातलं. ५ जुलै २०२५ रोजी, थायलंडमधल्या चिआंग माईत भारताच्या महिलांनी यजमानांना २-१ असं हरवलं. समोरचा संघ क्रमवारीत बराच वर. दोन्ही गोल संगीता बासफोरेचे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याची भारतीय महिलांची ही पहिली वेळ. पुरुषांच्या हाँगकाँगमधल्या पराभवानंतर जेमतेम पंचवीस दिवस झाले होते. पण या विजयाचं श्रेय कुणाचं, यावर कुठे रात्रभर वाद झाल्याचं ऐकिवात नाही. त्या एका गोलाच्या फरकामागे कोणती तयारी होती, कोणत्या राज्यातून मुली येतात, त्यांना किती सामने मिळतात, हेही कुणी फारसं विचारलं नाही. पराभवाला आरोपी शंभर, आणि विजयाला साक्षीदारही नाही.

पेनल्टी नसलेले पराभव

१४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा. सिंगापूरविरुद्ध जिंकणं भाग होतं, कारण गटातून एकच संघ आशियाई चषकाला जाणार होता. पाच दिवसांपूर्वी सिंगापुरात संदेश झिंगनला लाल कार्ड मिळूनही भारताने शेवटच्या क्षणी रहीम अलीच्या गोलवर १-१ अशी बरोबरी साधली होती, त्यामुळे आशा होती. चौदाव्या मिनिटाला छांगतेने लांबून अप्रतिम गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर, ४४ व्या मिनिटाला, साँग उई-याँगने बरोबरी केली. ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. पुढे अर्धा तास होता, मैदान घरचं होतं, आणि भारताला एक गोल करता आला नाही. २०१९ आणि २०२३ अशा सलग दोन आशियाई चषकांनंतर २०२७ चं दार बंद झालं.

महिन्याने, १८ नोव्हेंबरला, ढाका. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला. त्यानंतर एकोणऐंशी मिनिटं आणि वर भरपाईची वेळ. भारत शून्यावरच राहिला. बांगलादेशने भारताला हरवलं ते बावीस वर्षांनी. भारत क्रमवारीत १४२ वर आला.

या दोन सामन्यांत कैथसारखा सोयीचा आरोपी नव्हता. शेवटच्या मिनिटाची पेनल्टी नव्हती, बाहेरून आत ओढलेला चेंडू नव्हता, दोन नोकऱ्या करणारा परदेशी प्रशिक्षकही नव्हता. म्हणून चर्चा पहिल्यांदा थोडी खोल गेली. साँग हा कोरियात जन्मून सिंगापूरचा झालेला खेळाडू. बांगलादेशकडून खेळणारा हम्झा चौधरी इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टरचा. मग आपण का नाही, असा प्रश्न आला. २००८ पासून आपल्याकडे भारतीय पासपोर्टशिवाय देशासाठी खेळता येत नाही आणि दुहेरी नागरिकत्व नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने त्यासाठी आपलं जुनं नागरिकत्व सोडलं. त्याचे आजोबा पन्नासच्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळले होते. ढाक्यात मात्र कागदपत्रं पूर्ण न झाल्यामुळे तो उतरू शकला नाही. हा मार्ग चुकीचा नाही. पण विल्यम्ससारखे चार जण मिळाले तरी ते चौघं आजच्या संघाची भोकं बुजवतील. अठरा वर्षांच्या पोराला खेळायला क्लब कोणता, हा प्रश्न त्यांच्या पासपोर्टने सुटत नाही.

म्हणून पुढच्या निसटत्या पराभवानंतर वाद घालताना आधी खातं ठरवावं. मिनिटाच्या चुकीवर बोलायचं असेल तर खेळाडूचं नाव घ्यावं, आणि ते एका सामन्यापुरतं. मोसमावर बोलायचं असेल तर प्रशिक्षकाची निवड, त्याला मिळालेले सराव शिबिराचे दिवस आणि त्याची नेमणूक करणारी समिती, या तिघांना एकत्र बसवावं. एकट्या प्रशिक्षकाला घालवून मोसमाचा हिशेब मिटत असता, तर सहा वर्षांत तीन प्रशिक्षक घालवून आपण कुठल्या कुठे गेलो असतो. आणि पिढीवर बोलायचं असेल तर दिल्लीकडे बघायच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या जिल्ह्यात तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वर्षाला किती सामने खेळायला मिळतात?

या प्रश्नाचं उत्तर देणं ज्यांचं काम आहे ती माणसं हाँगकाँगला किंवा ढाक्याला राहत नाहीत. ती आपल्याच शहरातल्या क्लबच्या, जिल्हा संघटनेच्या, महापालिकेच्या क्रीडा विभागाच्या कार्यालयात भेटतात. त्यांच्या निवडणुका होतात, वार्षिक सभा होतात, मैदानांचे ठराव होतात, आणि गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडणारा प्रेक्षक तिथे सहसा फिरकत नाही. शिव्या द्यायच्याच असतील तर खुशाल द्याव्यात, खुद्द छेत्रीने परवानगी दिली आहे. फक्त त्यांच्यावर पत्ता बरोबर लिहिलेला असावा.